गाठ केवढी होती हो?

मी ब्लाउज शिवते. कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, एक कटिंगचं टेबल आणि मदतीला एक मुलगी, एवढाच पसारा. २३ वर्षं झाली. बाई दारात उभी राहिली की टेप लावायच्या आधीच तिचं माप माझ्या डोक्यात तयार असतं आणि ते पाव-अर्ध्या इंचापलीकडे सहसा चुकत नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. गेल्या वर्षी श्रावणात माझ्याच परकराची नाडी मी दोनदा सैल केली आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, म्हणून सांगते.

वय ५३, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. या वयात पोट सुटायचंच, असं मीच गिऱ्हाइकांना सांगत आले होते. पण हात तसेच होते, चेहरा उलट उतरला होता. दोन घास खाल्ले की पोट टम्म. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचं. घराजवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी बदलून दिल्या, मग आणखी पंधरा दिवस. दीड महिन्यात एकदाही त्यांनी मला टेबलावर झोपवून पोटाला हात लावला नाही. आणि मीही म्हटलं नाही, की डॉक्टर, जरा बघा तरी. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी होत्या, कोणाला वेळ होता!

विसर्जन झालं त्या आठवड्यात एका दुपारी जमिनीवर सतरंजी टाकून पाठ टेकली आणि सहज पोटावर हात ठेवला. बेंबीच्या खाली काहीतरी घट्ट होतं. दुखत नव्हतं. गच्च भरलेल्या लोडासारखं, कुशीवर वळले की किंचित सरकणारं. उठले, टेप काढला, कंबर मोजली. ३८ भरली. माझ्या वहीत माझंच माप आहे, दोन वर्षांपूर्वीचं : ३४.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टर आधी छान गप्पा मारत होत्या, कुठे राहता, काय करता. मग गप्प झाल्या. स्क्रीनवर फुल्या मारत राहिल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेवटी म्हणाल्या, "रिपोर्ट लगेच देते, आजच कुणाला तरी दाखवा." रिपोर्टात होतं : उजव्या अंडाशयाची गाठ, काही भाग पाण्याचा, काही भरीव, आकार १७.२ × १४ × ११ सेंटिमीटर. अंडाशय एरवी तीन सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि पाळी गेल्यावर आणखी सुरकुततं, हे मला लेकीनं रिक्षात सांगितलं. ती हिंजवडीला नोकरी करते, काहीही झालं की आधी फोनमध्ये वाचते. मी मात्र मनातल्या मनात सेंटिमीटरचे इंच करत होते. पावणेसात.

पुढच्या आठवड्यात सीटी स्कॅन झाला. त्यात गाठ १८.६ सेंटिमीटर आली. म्हणजे जवळजवळ सव्वासात इंच. सहा-सात दिवसांत अर्धा इंच वाढली! त्या रात्री मी झोपले नाही. याच वेगानं दिवाळीपर्यंत कुठे जाईल, याचा हिशोब करत पडून राहिले.

आणि मग फोन सुरू झाले. आपल्याकडे आजाराची बातमी कशी पसरते ते सांगायला नको. जाऊबाई, नणंदा, जुन्या गिऱ्हाइकांपैकी दहा-बारा जणी, नवऱ्याच्या बँकेतले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच : "गाठ केवढी आहे हो?" मी आकडा सांगितला की पलीकडे शांतता. मग फळं निघायची. नारळाएवढी का? पपईएवढी? एकीनं "म्हणजे सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखं" असं काहीतरी म्हटलं, त्यात तिची काही चूक नाही, पोट तसंच दिसत होतं. कुणीतरी समजूत घालायला म्हणालं, "अहो, आमच्या वहिनींची सुपारीएवढी होती म्हणून वाचल्या." त्याचा दुसरा अर्थ काय होतो, हे बोलणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. शेवटी ह्यांनी एका पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून दाराला पाटी अडकवली : "पेशंटला भेटण्याची वेळ ५ ते ६. गाठीचा आकार विचारू नये. चहा मिळेल." कोथरूड असलं तरी माणूस मूळचा सदाशिव पेठेतला.

कॅन्सरच्या सर्जन मॅडमकडे गेलो तेव्हा मीही तोच प्रश्न घेऊन गेले. त्यांनी आधी पोट तपासलं, नीट, दोन्ही हातांनी. मग प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे एक गोल काढला, त्याभोवती दुसरी रेघ ओढली. म्हणाल्या, "ही बाहेरची रेघ म्हणजे गाठीचं कवच. मला गाठ केवढी याच्यापेक्षा हे कवच शाबूत आहे का, त्याची जास्त काळजी आहे." मी मान हलवली, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला ते दिलासा द्यायला बोलल्यासारखं वाटलं.

दोन गोष्टी घरच्यांना पटत नव्हत्या. एक म्हणजे आधी सुईनं तुकडा काढून का तपासत नाहीत? छातीच्या गाठीचा काढतात की. मॅडमनी सांगितलं, बाकी पोट स्वच्छ दिसत असताना अंडाशयाच्या अशा गाठीत सुई घालत नाहीत. आतलं पाणी पोटात सांडलं आणि त्यात कॅन्सरच्या पेशी असल्या, तर जे कवचाच्या आत होतं ते आपणच बाहेर सोडल्यासारखं होतं. सगळ्यात पहिल्या स्टेजचे पोटभाग त्यावरच पडतात : एकाच अंडाशयात आणि कवच शाबूत असेल तर वन-ए, दोन्हीकडे असेल तर वन-बी, कवच फुटलं किंवा पोटातल्या पाण्यात पेशी सापडल्या तर वन-सी. ऑपरेशन करताना सर्जनच्या हातून फुटलं तरी वन-सी.

दुसरी गोष्ट दुर्बिणीची. माझा भाऊ सांगलीहून फोनवर हट्टाला पेटला, "आजकाल तीन भोकं पाडतात, चौथ्या दिवशी घरी." मॅडमचं उत्तर सरळ होतं. एवढी गाठ भोकातून काढायची तर आत फोडावी लागेल. त्यापेक्षा उभा छेद घेऊन अख्खी बाहेर काढायची. म्हणजे माझ्या गाठीचा आकार एवढ्यापुरताच कामाचा, की पोट किती उघडायचं.

अंडाशयाच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायला सीए-१२५ नावाची रक्ततपासणी झाली, ती आली ६१. ३५ पर्यंत ठीक धरतात. ही तपासणी साध्या कारणांनीही वाढते, पोटाच्या टीबीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पाळी चालू असताना सुद्धा, आणि काही जातींच्या कॅन्सरमध्ये फारशी वाढतच नाही. आणखी एक सीईए म्हणून झाली. जठरात आणि आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं. तेव्हा मला कळेना, गाठ अंडाशयाची आणि हे घशातून का शिरताहेत. त्याचं उत्तर नंतर मिळालं.

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. साडेचार तास लागले. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत छेद. गाठ काढल्या काढल्या फ्रोझन सेक्शनला पाठवली, म्हणजे पेशंट टेबलावर असतानाच तुकडा गोठवून, पातळ काप काढून पॅथॉलॉजिस्ट बघतात. अर्ध्या तासात निरोप आला : किमान बॉर्डरलाइन, म्हणजे साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या सीमेवरची, तरी आहेच, त्याहून जास्तही असू शकेल. एवढ्या मोठ्या गाठीत घाईच्या तपासणीला सगळं दिसत नाही. मग मॅडमनी गर्भाशय, दुसरं अंडाशय, दोन्ही नळ्या, आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा म्हणजे ओमेंटम, आणि पोटाच्या अस्तराचे जागोजागचे तुकडे काढले. अस्तर हा शब्द त्यांचा. माझ्या धंद्याचा मला तिथेही भेटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं उठवून बसवलं आणि संध्याकाळी चालवलं. पोटात ड्रेन, लघवीची नळी, हाताला सलाइन, पायात गच्च मोजे, आणि पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं. फुंकायचं नाही, ओढायचं, असं ते फुफ्फुसांच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं निळं खेळणं. पहिल्या दिवशी एक गोळी जेमतेम हलली. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची, ही युक्ती मावशींनी शिकवली, आणि ती सगळ्या औषधांत सरस होती. डॉक्टर राउंडला आले की गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "गॅस पास झाला का?" मला लाज वाटायची. तिसऱ्या दिवशी पहाटे झाला तेव्हा मी ह्यांना उठवून सांगितलं. तोवर पोटाला फक्त घोट-घोट पाणी होतं.

शेजारच्या खाटेवर जुन्नरकडच्या एक ताई होत्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, कांदा-बटाट्याची शेती, बोलायला मोकळ्या. त्यांनीही पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमची केवढी व्हती?" मी हातानं दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! माझी लिंबाएवढी. चार सेंटिमीटर." मला, खोटं कशाला बोलू, त्यांचा हेवा वाटला.

पुढच्या दोन दिवसांत कळत गेलं. त्यांच्या पोटात पाणी भरलं होतं, एकदा पाच लिटर काढलं. अंडाशय लिंबाएवढंच, पण पेशी तिथून सुटून सगळ्या पोटाच्या अस्तरावर आणि ओमेंटमवर पेरल्यासारख्या बसल्या होत्या. स्टेज थ्री-सी. आधी तीन केमो देऊन ते आटवलं, मग ऑपरेशन, आणि पुढे आणखी तीन केमो. त्या वेळी मला मॅडमनी काढलेला गोल आठवला. स्टेज ठरवताना मूळ गाठीची लांबी-रुंदी कुठे येतच नाही. सेंटिमीटर येतात ते तिसऱ्या स्टेजला, आणि तेही मूळ गाठीचे नव्हेत : ओटीपोटाच्या बाहेर पोचलेले ठिपके दोन सेंटिमीटरपर्यंत असले तर थ्री-बी, त्याहून मोठे असले तर थ्री-सी. माझ्यापाशी सव्वासात इंच होते आणि त्यांच्यापाशी इंचभराचे ठिपके, आणि त्यांचं दुखणं माझ्याहून पुढे गेलेलं होतं.

त्यांच्या ऑपरेशननंतर मॅडम येऊन म्हणाल्या, "डोळ्याला दिसेल असं आत काही ठेवलेलं नाही." ताईंच्या मुलाला हे नीट समजलं नाही, तो विचारत राहिला की किती किलो काढलं. मॅडम त्याला शांतपणे दोनदा म्हणाल्या की किती काढलं ते सोड, मागे किती राहिलं ते विचार.

सहाव्या दिवशी सुट्टी. म्हणजे सकाळी नऊला डॉक्टर "घरी जा" म्हणाले आणि विम्याच्या कागदांवरून आम्ही बाहेर पडलो रात्री आठला. पोटाला पट्टा बांधून, प्लास्टिकच्या खुर्चीवर, अकरा तास. फाइल कुठे अडकली हे शेवटपर्यंत दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. जाऊ दे. म्हात्रे पुलावरून गाडी चालली तेव्हा लक्ष्मी रोडच्या दिशेला दिवाळीची रोषणाई दिसत होती आणि माझ्या टेबलावर ४१ ब्लाउज न बेतलेले पडले होते.

रिपोर्ट अकराव्या दिवशी आला. एवढे दिवस का, तर मोठ्या गाठीतून दर सेंटिमीटरला निदान एक तुकडा तपासतात. एकाच गाठीत एका कोपऱ्यात साधं, दुसऱ्यात बॉर्डरलाइन, तिसऱ्यात कॅन्सर असं असू शकतं, आणि तो तिसरा कोपरा सुटला तर सगळंच चुकतं.

लेक ऑफिसातून यायची होती. मी धीर धरला नाही, पीडीएफ उघडली. इंग्रजी मला वाचता येतं, वैद्यकीय येत नाही, पण आकडे येतात. पहिल्याच परिच्छेदात : उजव्या अंडाशयाची गाठ, १५.५ × १३ × १०.५ सेंटिमीटर, वजन ११४० ग्रॅम.

साडेपंधरा?

सीटीत १८.६ होती. म्हणजे तीन सेंटिमीटर कुठे गेले? सव्वा इंच. ब्लाउजात सव्वा इंचाचा फरक पडला तर तो अंगात जात नाही. माझ्या डोक्यात एकच विचार बसला : गाठीचा तुकडा आत राहिला. पोटाला हात लावला, पोट अजून फुगलेलं होतंच. ह्यांना सांगितलं नाही. दीड तास स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होते, गॅसवर दूध उतू गेलं तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी टाके काढायला, म्हणजे पिना काढायला, मॅडमकडे गेलो. स्टेज काय, केमो आहे का, हे काही न विचारता मी आधी तीन कागद टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "मॅडम, तीन मापं तीन कशी?"

त्या हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. म्हणाल्या, सोनोग्राफी करणाऱ्याचा हात ज्या कोनात असतो त्या कोनात माप निघतं. एवढी मोठी गाठ एका नजरेत मावतही नाही, थोडं अंदाजानं धरावं लागतं. सीटीत यंत्र काप पाडतं आणि सगळ्यात लांब पट्टी कुठे बसते ते बघतं, ती तिरकीही बसते. त्यामुळे सोनोग्राफी आणि सीटीमधल्या फरकाला वाढ म्हणायचं नाही. मग गाठ बाहेर येते. आत असताना ती आतड्यांच्या आणि कण्याच्या मध्ये दाबून लांबट झालेली असते, बाहेर टेबलावर मोकळी बसते. फ्रोझनसाठी कापली की आतलं पाणी निघून जातं. आणि शेवटी ती फॉर्मलिनमध्ये, म्हणजे मांस टिकवायच्या द्रवात, ठेवतात, त्यात मांस आखडतं.

"आटतं," मी म्हटलं.

"हो, आटतं."

अस्तराचं सुती कापड तुळशीबागेतून आणलं की मी ते रात्रभर पाण्यात टाकते, वाळवते, मगच बेतते. न भिजवता बेतलं तर पहिल्या धुण्यात अर्धा इंच आटतं आणि ब्लाउज काखेत धरतो. २३ वर्षं ज्या गोष्टीवरून मी नव्या मुलींना ओरडत आले, ती मला दीड तास स्टुलावर बसून आठवली नव्हती. "तुकडा आत राहिला असता तर इथे लिहिलं असतं," असं म्हणून मॅडमनी खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं : कवच शाबूत, पृष्ठभागावर गाठ नाही. "मोठ्या आकड्यांकडे बघू नका, ही ओळ पाठ करा."

मग बाकीचं सांगितलं. जात म्युसिनस, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रव तयार करणाऱ्या पेशींची. कॅन्सर होता, पण ग्रेड एक, एका जागी फुगत जाणारा, आजूबाजूला शिरत न जाणारा. ओमेंटम स्वच्छ, पोट धुऊन घेतलेल्या पाण्यात पेशी नाहीत, दुसरं अंडाशय चांगलं. स्टेज वन-ए. केमो नको.

आणि इथे त्या दुर्बिणींचं उत्तर मिळालं. म्युसिनस गाठ अंडाशयात सापडली तर ती कधी कधी तिथली नसतेच, आतड्यातून किंवा जठरातून आलेली पाहुणी असते. तशी असली तर ती बहुतेक लहान असते आणि दोन्ही अंडाशयांत असते. एकाच बाजूला आणि मोठी, दहा सेंटिमीटरच्या वर, असली तर ती तिथेच जन्मलेली असण्याची शक्यता जास्त. दीड महिना ज्या आकड्याला मी भ्यायले, तो इथे माझ्या बाजूनं साक्ष देत होता.

केमो नको हे ऐकून ह्यांचा विश्वास बसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "कॅन्सर आहे आणि केमो नाही, असं कसं? परवडणार नाही असं वाटलं असेल का त्यांना?" म्हणून लेक पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, आणि त्यांच्या कापांच्या काचा घेऊन मुंबईला परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घ्यायला गेली. सकाळच्या डेक्कन क्वीननं, दादरला उतरून. काचांची डबी मी अस्तराच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळून दिली होती. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जरूर जा, उलट बरंच." तिकडचं मतही तेच आलं. तेव्हा हे गप्प झाले. याचा अर्थ वन-ए म्हणजे कुणालाच केमो नाही असा नव्हे. जात जास्त जहाल असेल, हाय-ग्रेड सिरस वगैरे, तर पहिल्या स्टेजलाही देतात. माझ्या रिपोर्टावरून कुणी आपला रिपोर्ट लावू नये. तशी मापं उसनी घेऊन ब्लाउजही बसत नाही.

आता घरातलं. ऑपरेशननंतरचं बरं होणं हे मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून जरा लांबण लावते.

पोट लगेच सपाट होत नाही. मी किलोभराहून जास्त वजन बाहेर टाकून आले होते, आणि पंधराव्या दिवशी कंबर ३६ भरली. आत सूज असते, आतडी मंद असतात, वरून इसबगोल घ्या, पाणी प्या. रोज मोजायची सवय मी मुद्दाम मोडली, टेप लेकीनं लपवून ठेवला. सहाव्या आठवड्यात साडेचौतीस.

छेदाच्या दोन्ही बाजूंना बधिर पट्टा आहे. हात फिरवला की दुसऱ्या कुणाच्या तरी कातड्यावर फिरवल्यासारखं वाटतं. मधूनच मुंग्या. हे महिनोन् महिने राहू शकतं म्हणे, माझं अजून आहे.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून २८ दिवस पोटाच्या कातडीत रोज एक इंजेक्शन. पहिल्या दिवशी नर्स आली, दुसऱ्या दिवसापासून हे. बँकेत ३० वर्षं नोटा मोजलेला माणूस, हात थरथरत होते. आठव्या दिवसापासून एकीकडे बातम्या बघत टोचायला लागले.

सहा आठवडे वजन उचलायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे. भरलेली बादली नाही, पाच लिटरचा कुकर नाही, गादी ओढायची नाही, माळ्यावरचं काही नाही. कात्री चालेल का विचारलं तर मॅडम म्हणाल्या चालेल, पण वाकून तासभर कटिंग नको. पायाचं मशिन नकोच, पायडल मारताना खालचं पोट ओढतं. मोटारीचं चालेल, वीस मिनिटं, मग उठायचं. चालणं मात्र हवं तेवढं. आधी गच्चीत, मग कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत, महिन्याभरानं म्हातोबा टेकडीच्या पायथ्याशी जाऊन परत. टेकडी चढले नाही, खाली बसून चढणाऱ्यांना बघितलं. रिक्षातून जाताना स्पीडब्रेकरच्या आधी उशी पोटाशी धरायची. पुण्यात उशी खाली ठेवायला सवडच मिळत नाही.

थकवा हा वेगळाच प्रकार. दुपारी चारला कुणीतरी प्लग काढल्यासारखी मी संपायची. रडूही यायचं, कशालाही. गिऱ्हाइकाचा साधा "काकू, माझा ब्लाउज?" असा मेसेज आला तरी. त्या ४१ पैकी २६ मदतीच्या मुलीनं एकटीनं पुरे केले, दिवाळीच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून. हूक-काज तिच्या आईनं केले. बाकीच्या पंधराजणींपैकी दोघींनी कापड परत नेलं. त्यांचंही बरोबर आहे, पण मी त्या दोघींची नावं विसरणार नाही.

सीए-१२५ लगेच करा म्हणून हे मागे लागले होते. मॅडमनी थांबवलं. पोट उघडल्यावर अस्तर चिडलेलं असतं, काही आठवडे आकडा त्यामुळेच वर राहतो, उगाच जीव टांगणीला. नंतर केली, १४ आली. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं, पुढे पाच वर्षांपर्यंत थोडं लांबवत. पहिल्या तपासणीच्या आदल्या रात्री मी पुन्हा झोपले नाही. दुसऱ्या वेळी झोपले, तीन वाजता.

फोन अजून येतात. परवा एक लांबच्या मावससासूबाई, ८० च्या पुढच्या, त्यांनी कुशल विचारलं आणि मग आवाज खाली आणून : "गाठ केवढी होती गं?" मी म्हटलं, "कुठलं माप सांगू? तीन आहेत."

जुन्नरच्या ताईंचा गेल्या आठवड्यात फोन होता. सहावी केमो झाली. बोटांची टोकं बधिर आहेत, भाजी निवडताना कळत नाही म्हणाल्या, केस मात्र डोक्यावर कापसासारखे यायला लागलेत. पुतण्याबरोबर एसटीनं खणाचं कापड पाठवलंय, पुतणीच्या लग्नात घालायचाय. मापाला जुना ब्लाउज दिलाय, पण तो आता अंगात घोळतो. "दोन इंच आत घ्या," म्हणाल्या. मी विचारलं, दोनच का, फार सैल आहे म्हणता ना. तर म्हणाल्या, "आत कितीबी घ्या, पर शिलाईत माया जास्ती ठेवा. पावसाळ्यापर्यंत मी भरंन परत."

काल बेतला. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडलीय. अस्तर आधी भिजवून घेतलं.